जुन्या आठ-बिटी चिपवर सी: कंपायलर निवडण्यापासून पहिलं अक्षर उमटेपर्यंत

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून झेड८० ही प्रोसेसर चिप आणली, घरात कुणाच्या तरी इंजिनिअरिंगच्या दिवसांतलं ८०८५चं किट पडलेलं आहे. दोन्ही चिप एकाच घराण्यातल्या, तेव्हा एक कंपायलर (सीमधला प्रोग्राम चिपच्या सूचनांत उतरवणारं सॉफ्टवेअर) दोघांना चालेल, असं समजून सुरुवात करणारे बहुतेक नवखे पहिल्याच आठवड्यात अडकतात. कंपायल व्यवस्थित होतं, एरर येत नाही, चिप बर्न होते आणि बोर्ड मख्ख बसून राहतो. हा लेख त्या मख्ख बोर्डाबद्दल आहे.

एक खुलासा आधीच. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, फोनवर मित्राला सांगतो तशा. ‘डॅश’ म्हणजे आडवी रेघ, ‘डबल डॅश’ म्हणजे लागोपाठ दोन. टाइप अर्थातच रोमनमध्ये करायचं. हेक्स (सोळाच्या पायाच्या) आकड्यांच्या शेवटी ८०८५च्या पुस्तकांसारखं ‘एच’ लावलं आहे. कंपायलरला तेच आकडे शून्य-एक्स लावून द्यायचे.

आधी चिप, मग कंपायलर

इंटेलची ८०८० आली १९७४ साली. ८०८५ आणि झेड८० दोन्ही १९७६च्या. दोघीही ८०८०साठी लिहिलेला बायनरी कोड जवळजवळ जसाच्या तसा चालवतात, आणि ‘एकच घराणं’ हे म्हणणं तेवढ्यापुरतं खरं आहे. त्यापुढे दोघींनी वेगळ्या वाटा धरल्या. ८०८०ने जे ऑपकोड (सूचनांचे आकडी संकेत) रिकामे सोडले होते, त्यांवर झायलॉगने स्वतःच्या सूचना बसवल्या आणि इंटेलने स्वतःच्या, त्यातल्याही बऱ्याच माहितीपत्रकात न छापलेल्या.

याचा परिणाम काय होतो ते एका उदाहरणावरून दिसेल. झेड८०वर ‘१८ एफई’ म्हणजे जागच्या जागी फिरत राहणारी उडी, प्रोग्रामच्या शेवटी हमखास असते. ८०८५वर १८ ही आरडीईएल, म्हणजे डीई रजिस्टर फिरवणारी अघोषित सूचना. मागचा एफई म्हणजे सीपीआय, आणि तो पुढचा बाइट गिळून तुलना करतो. झेड८०ची २० (शून्य नसेल तर उडी) ८०८५वर आरआयएम होते, म्हणजे इंटरप्टची (चालू काम थांबवणाऱ्या बाहेरच्या हाकेची) स्थिती वाचते, ३० ही एसआयएम होते आणि इंटरप्टचे मास्क बदलून टाकते. आयएक्स रजिस्टरसाठीचा डीडी हा उपसर्ग इथे अटीवरची उडी बनतो. ‘चुकीची सूचना’ म्हणून थांबण्याची सोय या चिपमध्ये नाहीच. ती मिळेल ते इमानेइतबारे करत सुटते.

म्हणून निवड अशी करा. झेड८० असेल तर एसडीसीसी किंवा झेड८८डीके. ८०८५ किंवा ८०८० असेल तर झेड८८डीके, आणि त्यातलाही एससीसीझेड८० हाच कंपायलर. ६५०२ असेल तर सीसी६५, आणि थोडा सराव झाल्यावर एलएलव्हीएम-मॉस. ८०५१ असेल तर एसडीसीसी.

झेड८८डीकेच्या पोटात दोन कंपायलर आहेत. एससीसीझेड८० हा स्मॉल-सी या जुन्या छोट्या कंपायलरच्या वंशातला, आणि झेडएसडीसीसी म्हणजे एसडीसीसीची ठिगळ लावलेली आवृत्ती. झेडएसडीसीसीचा कोड झेड८०च्या खास सूचनांवर उभा असतो, त्यामुळे ८०८५च्या वाटेला तो येतच नाही.

खरेदी आणि बाजारातले सापळे

झायलॉगने एप्रिल २०२४मध्ये चाळीस पिनांची झेड८४सी०० मालिका बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि शेवटच्या ऑर्डरसाठी १४ जून २०२४ ही तारीख दिली. तेव्हापासून बाजारात दिसणाऱ्या चिपपैकी कुठली नवी, कुठली काढीव आणि कुठली घासून नवा छाप मारलेली, हे बघणं तुमच्यावर आलं आहे. लॅमिंग्टन रोडला (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरायचं) जाताना आठवड्याचा दिवस धरा, रविवारी बहुतेक शटर खाली असतात. दुकानात ‘झेड ऐंशी द्या’ एवढंच म्हटलं तर पुढ्यात काय येईल सांगता येत नाही. पूर्ण नंबर कागदावर लिहून न्या.

या लेखातल्या बोर्डासाठी लागतं ते असं: झेड८४सी०००८ किंवा झेड८४सी००१० एक, ३२ किलोबाइटचा ईईप्रॉम (पुसून परत लिहिता येणारी रॉम) २८सी२५६ एक, ३२ किलोबाइटची रॅम ६२२५६ एक, सिरियलसाठी ६८बी५० एक, ७.३७२८ मेगाहर्ट्झचा चार पायांचा ऑसिलेटर एक, पत्ते ओळखायला ७४एचसीटी०४ आणि ७४एचसीटी३२ एकेक, प्रत्येक आयसीजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, आणि ५ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर. ३.३ व्होल्टचा चुकून आला तर बदलून आणा. शिवाय ईईप्रॉम लिहायला प्रोग्रॅमर लागेल. टीएल८६६ किंवा टी४८ हे इथे सहज मिळतात.

सीमॉस (एनमॉसनंतरची, कमी वीज खाणारी बनावट) म्हणून विकलेली झेड८० खरंच सीमॉस आहे का, याची एक सोपी परीक्षा आहे. ‘ईडी ७१’ हे दोन बाइट पोर्टवर (बाहेरच्या चिपशी बोलायच्या पत्त्यावर) एक आकडा पाठवतात. जुन्या एनमॉस चिपमधून ०० बाहेर पडतो, सीमॉसमधून एफएफ. बोर्ड चालू झाल्यावर ही चाचणी जरूर करा. छापावर सी आणि पोर्टवर ०० असेल, तर छाप खोटा आहे. चिप फेकायची गरज नाही, पण वरच्या वेगाचा भरवसा धरू नका.

पावसाळ्यात जुन्या डीआयपी आयसींचे पाय काळे पडतात आणि ब्रेडबोर्डात संपर्क अधूनमधून सुटतो. पाय खोडरबराने घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कोड न बदलता दर वेळी वेगळंच घडत असेल, तर कंपायलरच्या मागे लागण्याआधी हे बघा.

पायरी पहिली: पत्त्यांचा नकाशा कागदावर

कंपायलरला तुमच्या बोर्डाबद्दल काहीच माहीत नसतं. रॉम कुठे, रॅम कुठे, अक्षर कुठल्या पोर्टवर टाकायचं, हे तिन्ही सांगणं तुमचं काम. पीसीवर हे ऑपरेटिंग सिस्टिम सांभाळते, म्हणून आपल्याला ते कधी जाणवत नाही.

आपला नकाशा असा: रॉम ००००एच ते ७एफएफएफएच, रॅम ८०००एच ते एफएफएफएफएच, ६८बी५०चं नियंत्रण पोर्ट ८०एचवर आणि डेटा पोर्ट ८१एचवर. ए१५ शून्य असेल तर रॉम, एक असेल तर रॅम, इतकं ते सोपं आहे. पत्ता ओळखताना मेमरीसाठी एमआरईक्यू आणि पोर्टसाठी आयओआरक्यू या झेड८०च्या पिना धरायला विसरू नका. इंटरप्ट वापरणार असाल तर पोर्टच्या बाजूला एम१ही धरा, कारण इंटरप्ट स्वीकारताना आयओआरक्यू आणि एम१ एकदमच खाली जातात.

पायरी दुसरी: सी येण्याआधी असेंब्लीत एक अक्षर

ही पायरी गाळण्याचा मोह सगळ्यांना होतो. गाळू नका. आधी असा प्रोग्राम बर्न करायचा ज्यात रॅमला हातच लागत नाही: ना कॉल, ना पुश, ना व्हेरिएबल. ८०एचवर आधी ०३ लिहा, ६८बी५० रिसेट होते. मग १६एच लिहा. त्याचा अर्थ घड्याळाला ६४ने भागा, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, इंटरप्ट बंद. ७३,७२,८०० भागिले ६४ म्हणजे बरोबर १,१५,२००, आणि ७.३७२८चा विचित्र ऑसिलेटर घ्यायचं कारण हेच. मग ८०एच वाचत राहा, बिट १ चढला की ८१एचवर ५५एच लिहा, आणि परत वाचायला जा. जाताना कॉल नको, साधी उडी.

५५एच म्हणजे मोठा ‘यू’. त्याचे बिट शून्य-एक-शून्य-एक असे आलटून पालटून येतात, म्हणून ऑसिलोस्कोप असेल तर बिटची रुंदी थेट मोजता येते. एका बिटला साधारण ८.७ मायक्रोसेकंद दिसले पाहिजेत.

टर्मिनलवर यूची रांग आली की प्रोसेसर, रॉम, घड्याळ आणि सिरियल ही चारही ठीक आहेत. यापुढे सीमध्ये काही बिघडलं तर संशय रॅम, स्टॅक (परतीचे पत्ते साठवणारा रॅमचा भाग) आणि तुमच्या लिंकरच्या (कोडचे तुकडे जोडून त्यांना पत्ते देणाऱ्या प्रोग्रामच्या) आकड्यांवर घ्यायचा. शोध एका फटक्यात निम्म्यावर येतो.

काहीच येत नसेल तर सगळ्यात आधी ६८बी५०ची सीटीएस पिन बघा. ती हवेत लोंबकळत किंवा वर असेल तर ‘पाठवायला तयार’ हा बिट कधी चढतच नाही आणि प्रोग्राम वाट बघत बसतो. तात्पुरती जमिनीला (ग्राउंडला) जोडा. तरीही नाही? मग रॉम आणि रॅम काढा, डेटाच्या आठही रेषा १ किलोओहमच्या रेझिस्टरने जमिनीला बांधा आणि चिपला नुसते ०० खाऊ द्या. ०० म्हणजे काहीच न करणं, चार घड्याळांत. ७.३७२८ मेगाहर्ट्झला ए१५ सेकंदाला २८ वेळा फिरते, आणि तिच्यावरचा एलईडी थरथरताना दिसतो. तो स्थिर असेल तर रिसेट, वेट, बसरिक्वेस्ट आणि दोन्ही इंटरप्टच्या पिना तपासा. वापरात नसलेल्या या सगळ्या पिना वर, ५ व्होल्टला बांधायच्या असतात.

पायरी तिसरी: एसडीसीसी बसवणं आणि सीआरटी-झीरो

लिनक्सवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल एसडीसीसी’ म्हटलं की काम होतं, पण वितरणाच्या भांडारात बऱ्याचदा जुनी आवृत्ती असते. बसवल्याबरोबर ‘एसडीसीसी डबल डॅश व्हर्जन’ चालवून आकडा वहीत लिहून ठेवा. ४.२.० च्या आधीची की नंतरची, यावर पुढे बरंच अवलंबून आहे.

एसडीसीसीसोबत झेड८०चा तयार सीआरटी-झीरो येतो. सीआरटी-झीरो म्हणजे मेनच्या आधी चालणारा असेंब्लीचा छोटा तुकडा. तयार तुकड्यातून शिकायला मिळतं, पण बोर्डासाठी स्वतःचाच लिहा. त्यात चार कामं हवीत. स्टॅक पॉइंटरला ०००० द्यायचं, म्हणजे पहिला पुश एफएफएफएफएच आणि एफएफएफईएचवर जाईल. मग जीएसइनिट कॉल करायचं, मग अंडरस्कोर-मेन कॉल करायचं, आणि मेन परत आलाच तर हॉल्टवर फिरत राहायचं. सीमधल्या प्रत्येक नावाच्या आधी असेंब्लीत एक अंडरस्कोर लागतो. तो विसरला की लिंकर ‘मेन सापडत नाही’ म्हणतो, आणि मेन तर समोर दिसत असतो.

जीएसइनिटमध्ये दोन गोष्टी येतात. डेटा विभाग शून्याने भरणं, आणि इनिशियलायझर विभागातल्या सुरुवातीच्या किमती रॉममधून रॅममधल्या इनिशियलाइज्ड विभागात उचलून नेणं. दुसरं काम एका एलडीआयआर सूचनेत होतं, फक्त लांबी शून्य असेल तर ती सूचना टाळा. बीसीमध्ये शून्य असताना एलडीआयआर पूर्ण ६४ किलोबाइट फिरते आणि रॅमचा चुराडा करते.

आता आज्ञा. आधी ‘एसडीएएसझेड८० डॅश ओ सीआरटी-झीरो डॉट एस’, त्यातून सीआरटी-झीरो डॉट आरईएल मिळते. मग ‘एसडीसीसी डॅश एमझेड८० डॅश सी मेन डॉट सी’. शेवटी लिंक: ‘एसडीसीसी डॅश एमझेड८०, डबल डॅश नो-एसटीडी-सीआरटी-झीरो, डबल डॅश कोड-लोक ०२००एच, डबल डॅश डेटा-लोक ८०००एच, सीआरटी-झीरो डॉट आरईएल, मेन डॉट आरईएल’. सीआरटी-झीरो यादीत पहिला हवा, कारण विभागांचा क्रम जो आधी दिसतो त्यावरून ठरतो. तो मागे पडला तर विभाग भलत्याच क्रमाने रचले जातात.

कोड-लोक ०१००एचऐवजी ०२००एच का? सीआरटी-झीरोत सुरुवातीचा तुकडा ०१००एचवर पक्का बसवलेला असेल आणि कोडही तिथूनच सुरू केला, तर एक दुसऱ्यावर लिहिला जातो, आणि लिंकर बहुतेक वेळा तक्रारही करत नाही. लिंकनंतर मॅप फाइल उघडून प्रत्येक विभागाचा पत्ता आणि लांबी वाचण्याची सवय लावा. ती दोन मिनिटं पुढची संध्याकाळ वाचवतात.

हाती आयएचएक्स फाइल येते. तिच्यातल्या ओळी पत्त्यांच्या क्रमाने असतीलच असं नाही, आणि काही प्रोग्रॅमर सॉफ्टवेअर त्यावर अडखळतात. ‘पॅकआयएचएक्स’ने ओळी नीट करता येतात, किंवा ‘मेकबिन’ने सरळ बायनरी करा. मेकबिन आपणहून ३२,७६८ बाइटची फाइल करतो, म्हणजे २८सी२५६च्या नेमक्या मापाची, आणि रिकामी जागा एफएफने भरतो.

हा एफएफ लक्षात ठेवा. झेड८०वर एफएफ म्हणजे आरएसटी ३८, परतीचा पत्ता स्टॅकवर टाकून ००३८एचवर उडी. प्रोग्राम भरकटून रिकाम्या रॉममध्ये शिरला, आणि ००३८एचवरही एफएफच असेल, तर चिप तिथेच गरगरत सगळी रॅम ‘३९ ००’ने भरून टाकते. रॅममध्ये ओळीने ३९ ०० ३९ ०० दिसलं तर काय झालं ते ओळखायचं. ००३८एचवर इंटरप्ट नसला तरी एक सापळा ठेवा, जो ‘एक्स’ छापून थांबेल.

पायरी चौथी: सीमध्ये तीन चाचण्या, याच क्रमाने

सीमध्ये पोर्ट असं जाहीर करतात: डबल अंडरस्कोर एसएफआर, डबल अंडरस्कोर ॲट, कंसात ८०एच, मग नाव. त्यानंतर ते नाव साध्या व्हेरिएबलसारखं वाचा-लिहा, कंपायलर त्याचं इन-आउट करतो. कॅरेक्टर पाठवणारं पुटचार तुम्हीच द्यायचं. प्रिंटएफ त्याच्यावरच उभं असतं.

पहिली चाचणी: मेनमधून पुटचारने एक अक्षर. हे चाललं म्हणजे स्टॅक आणि रॅम जागेवर आहेत. दुसरी: फंक्शनबाहेर एक पूर्णांक, सुरुवातीची किंमत १२३४, तो छापा. कचरा आला तर जीएसइनिट अपुरं आहे. ०००० आला तर शून्य भरलं गेलं पण किमती उचलल्या गेल्या नाहीत. तिसरी: फंक्शनच्या आत २०० बाइटचा ॲरे भरून त्याची बेरीज. ही फसली आणि पहिली चालली, तर रॅमच्या पत्त्याची एखादी रेष ब्रेडबोर्डात सुटलेली असण्याची शक्यता फार मोठी.

प्रिंटएफ लगेच आणू नका. ती एकटीच काही किलोबाइट खाते, आणि ती बिघडली तर दोष नेमका कुठे आहे ते कळत नाही. सोळा-बिटी आकडा हेक्समध्ये छापणारं चार ओळींचं फंक्शन लिहा, महिनाभर तेवढ्यावर निभतं.

पायरी पाचवी: आर्ग्युमेंट कुठून येतात

इंटरनेटवरचा जुना असेंब्ली कोड उचलून सीशी जोडला की बोर्ड कोसळतो, यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ एकच. एसडीसीसी ४.२.० मध्ये, २०२२ साली, झेड८०साठी फंक्शन कॉलची मूळ पद्धत बदलली. आधी सगळी आर्ग्युमेंट स्टॅकवर जात आणि सोळा-बिटी उत्तर एचएलमध्ये, आठ-बिटी उत्तर एलमध्ये परत येई. आता पहिलं आर्ग्युमेंट आठ बिटांचं असेल तर ए मध्ये, सोळा बिटांचं असेल तर एचएलमध्ये येतं, आणि सोळा-बिटी उत्तर डीईमध्ये, आठ-बिटी ए मध्ये जातं.

म्हणजे जुनं असेंब्ली पुटचार स्टॅकवरून अक्षर उचलायला जाईल आणि हाती परतीच्या पत्त्यापलीकडचा कचरा येईल. त्या फंक्शनच्या घोषणेच्या शेवटी ‘डबल अंडरस्कोर एसडीसीसीकॉल, कंसात शून्य’ लावा, म्हणजे तेवढ्या फंक्शनपुरती जुनी पद्धत चालू राहते. सगळ्या प्रोग्रामलाच जुनी पद्धत लावायचा पर्याय आहे, पण सोबत आलेली लायब्ररी नव्या पद्धतीने बांधलेली असते. तो पर्याय लावून एक जागा दुरुस्त होते आणि दहा बिघडतात.

८०८५चं किट

मुंबईत झेड८०पेक्षा ८०८५ची किटं सहज सापडतात. कॉलेजांनी काढून टाकलेली, कुणाच्या माळ्यावर पडलेली. त्यांत मॉनिटर प्रोग्राम रॉममध्ये ००००एचपासून असतो आणि तुमचा कोड रॅममध्ये जातो. ती रॅम कुठे सुरू होते ते प्रत्येक किटचं वेगळं, कुठे २०००एच, कुठे ८०००एच. मॅन्युअल हरवलं असेल तर कीपॅडवरून पत्त्यांवर ५५ आणि मग एए लिहून परत वाचा. दोन्ही टिकले तर ती रॅम. रॅमचं एक टोक बहुधा मॉनिटर स्वतःसाठी राखतो, तिथे स्टॅक ठेवू नका.

झेड८८डीके विंडोजवर झिप उघडून बसतं. बिन फोल्डर पाथमध्ये घाला आणि झेडसीसीसीएफजी हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल त्यातल्या लिब-कॉन्फिग फोल्डरकडे वळवा. तो नसेल तर कंपायलरला आपलीच टार्गेट (कुठल्या मशीनसाठी कोड करायचा त्याच्या नोंदी) सापडत नाहीत. मुख्य आज्ञा झेडसीसी. तिच्यापुढे अधिकचं चिन्ह लावून टार्गेट, आणि ज्या टार्गेटला ८०८५ची लायब्ररी आहे त्यात ‘डॅश सीएलआयबी बरोबर ८०८५’. कोड कुठे बसवायचा ते ‘डॅश प्रॅग्मा-डिफाइन’मध्ये सीआरटी-ऑर्ग-कोड देऊन सांगा.

फाइल आली की बोर्डात घालण्याआधी ‘झेड८८डीके-डिस डॅश एम८०८५’ने उलटी उकलून बघा. झेड८०साठीचा एखादा लायब्ररीचा तुकडा चुकून आत आला असेल तर तो इथे विचित्र सूचनांच्या रूपात दिसतो. मात्र एलडीएसआय, एलएचएलएक्स, एसएचएलएक्स दिसल्या तर घाबरू नका. त्या ८०८५च्याच अघोषित सूचना आहेत आणि झेड८८डीके त्या मुद्दाम वापरतं.

त्या का वापरतं, हे समजून घेण्यासारखं आहे. ८०८५मध्ये आयएक्स नाही. फंक्शनच्या आतला व्हेरिएबल स्टॅकवर असेल तर तिथवर पोचायला एचएलमध्ये अंतर भरा (१० घड्याळं), त्यात स्टॅक पॉइंटर मिळवा (१०), मग वाचा (७), एकूण २७. एलडीएसआयने तेच डीईमध्ये थेट मिळतं, १० अधिक ७, म्हणजे १७. आणि व्हेरिएबल स्टॅटिक ठेवला तर एलडीएने १३. म्हणून ८०८५साठी सी लिहिताना रिकर्शन (स्वतःलाच कॉल करणं) नसलेल्या फंक्शनमधले व्हेरिएबल बिनदिक्कत स्टॅटिक करा. पीसीवर हे वाईट वळण समजलं जातं. इथे ते शहाणपणाचं आहे.

कोड किटमध्ये कीपॅडने भरायचा बेत असेल तर आधी हिशोब करा. ४०० बाइटचा प्रोग्राम, दर बाइटला दोन अंक आणि एक नेक्स्ट, म्हणजे १,२०० वेळा बटण दाबणं, आणि त्यात एक चूक पुरते. किटवर ८२५१ ही सिरियल चिप असेल तर सिरियलने हेक्स फाइल घेण्याची सोय मॉनिटरमध्ये आहे का, ते मॅन्युअलमध्ये शोधा. नसेल तर असा छोटा लोडर असेंब्लीत एकदा हाताने भरा, आणि पुढचे सगळे प्रोग्राम सिरियलने.

६५०२ आणि ८०५१, थोडक्यात

६५०२ला १९७५ साली लोकांनी डोक्यावर घेतलं ते किमतीमुळे. सी कंपायलरला मात्र ती चिप आवडत नाही. हार्डवेअर स्टॅक फक्त २५६ बाइटचा, ०१००एच ते ०१एफएफएच, आणि हिशोबाला वापरता येईल असं सोळा-बिटी रजिस्टर एकही नाही. सीसी६५ त्यासाठी रॅममध्ये वेगळा सॉफ्टवेअर स्टॅक चालवतो आणि झीरो-पेजमधले (मेमरीच्या पहिल्या २५६ बाइटांतले) काही बाइट रजिस्टरसारखे वापरतो. दशांश अपूर्णांक त्यात मिळत नाहीत. नवी चिप हवी असेल तर वेस्टर्न डिझाइन सेंटर डब्ल्यू६५सी०२एस आजही बनवतं.

स्वतःच्या बोर्डासाठी टार्गेट ‘नन’ घ्या आणि एलडी६५साठी कॉन्फिग फाइल लिहा. नवखे अडतात ते एकाच जागी: डेटा विभागाचं ‘लोड’ रॉममध्ये, ‘रन’ रॅममध्ये आणि ‘डिफाइन’ला होकार, हे तिन्ही एकत्र हवेत. डिफाइन विसरला तर लिंकर डेटा-लोड नावाचं चिन्ह सापडत नाही म्हणून रडतो. रॉमच्या शेवटचे सहा बाइट, एफएफएफएएचपासून, तीन व्हेक्टरचे, म्हणजे चिपने कुठे उडी घ्यायची त्या पत्त्यांचे: एनएमआय, रिसेट, आयआरक्यू. रिसेट चुकला तर बाकी सगळं बरोबर असूनही काहीच होत नाही. बोर्डाआधी सिम६५वर प्रोग्राम चालवून बघा.

८०५१ घराण्यातली एटी८९एस५२ स्वस्त आहे आणि सहज मिळते. तिच्या पोटातली रॅम २५६ बाइट, आणि स्टॅक त्यातच. एसडीसीसीत मोठे टेबल ‘डबल अंडरस्कोर कोड’ लावून फ्लॅशमध्ये ठेवा, नाहीतर चार ॲरेंत रॅम संपते आणि स्टॅक कुठलाही इशारा न देता व्हेरिएबलवर चढतो.

वेग आणि जागा

कोड चालायला लागला की तो हळू वाटायला लागतो. आधी मोजा. झेड८८डीकेसोबत येणारं ‘टिक्स’ बायनरी पीसीवर चालवून नेमकी किती घड्याळं लागली ते सांगतं. ७.३७२८ मेगाहर्ट्झ आणि १,१५,२०० बॉडला सेकंदाला ११,५२० अक्षरं जातात, म्हणजे दर अक्षराला ६४० घड्याळं. तुमच्या पूर्ण वाचन-लूपने त्याहून जास्त घेतली तर अक्षरं गळतात.

वेग बहुतेक वेळा वाया जातो तो इंट वापरल्याने. २५५च्या आतला मोजणीचा व्हेरिएबल अनसाइन्ड कॅर करा. यातल्या कुठल्याच चिपमध्ये (८०५१ वगळता) गुणाकाराची सूचना नाही. प्रत्येक गुणाकार, भागाकार आणि बाकी म्हणजे लायब्ररीतला लूप. भागाकार २, ४, ८, १६ ने करता येईल अशी मापं निवडा. दोन इंटचा गुणाकार सोळा बिटांत बसतो का ते बघा. २०० गुणिले ३०० म्हणजे ६०,०००, आणि साइन्ड इंटमध्ये ३२,७६७च्या पुढे जागा नाही.

झेड८०वर आयएक्समार्फत एक बाइट उचलायला १९ घड्याळं लागतात, थेट पत्त्यावरून १३, एचएलमार्फत ७. म्हणून ॲरेवर फिरताना इंडेक्सऐवजी पॉइंटर पुढे सरकवा. एसडीसीसीला ‘डबल डॅश मॅक्स-ॲलॉक्स-पर-नोड’ वाढवून दिला (मूळचा ३,०००) तर तो रजिस्टर वाटप अधिक शोधून करतो आणि कोड आटोपशीर येतो. ५०,०००वर मोठ्या फंक्शनला चहा होईपर्यंत वेळ लागू शकतो. रोजच्या कामात मूळचा आकडा ठेवा आणि रॉममध्ये जाणाऱ्या शेवटच्या आवृत्तीलाच तो वाढवा. वाढवल्यावर तिन्ही चाचण्या परत चालवा, कारण नुसता वेळ काढणाऱ्या डिले-लूपचा कालावधी अशाच वेळी बदलतो, आणि एलसीडी मग कधी उमटतो, कधी नाही.